वीस लिटरचा कॅन आणि जुळत आलेली नडगी

या खेपेला टपालात पायाच्या हाडांचीच पत्रं जास्त आहेत. पावसाळा सरला की येतातच. शेवाळलेल्या पायऱ्या, उसाच्या ट्रॉल्यांनी चिखल केलेले रस्ते आणि त्यावरून दामटलेल्या मोटारसायकली. एका पत्राला सविस्तर उत्तर देतेय, बाकी तीन थोडक्यात.

प्रश्न : ताई, मी वडणग्याची. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, वय ५८. घरच्या चार म्हशी आहेत आणि रोज पहाटे मामा कोल्हापुरात दुधाचा रतीब घालतात. जुलैत पावसात गाडी घसरली आणि कॅनसकट पडले. उजव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. ऑपरेशन करून आत रॉड घातला. आता दहा आठवडे झाले. परवा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, 'आता अर्धं वजन टाकून चाला.' मामा म्हणतात, अर्धं म्हणजे किती हे पायाला कसं कळायचं? म्हणून ते पाय टेकवतच नाहीत, वॉकर धरून एका पायावर उड्या मारत मोरीपर्यंत जातात. व्यायामाचा कागद दिलाय, तो फ्रिजवर चिकटवलाय. करत काही नाहीत. तंबाखू चालूच आहे. आणि दिवसातून दहा वेळा विचारतात, धार काढायला कधी बसू?
— एक सून

उत्तर : ताई, तुमच्या मामांची शंका रास्त आहे. 'अर्धं वजन टाका' म्हणून आम्ही मोकळे होतो, पण पायाला काय काटा बसवलेला नसतो.

मी फिजिओथेरपिस्ट, स्वतः सतरा वर्षं पेशंटना हेच सांगत होते. मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी ओसरलं आणि शाहूपुरीतल्या मावशीचं घर धुवायला मी गेले. उंबऱ्यावर बोटभर गाळ होता. पाय सटकला आणि घोट्याच्या वर वीतभर अंतरावर दोन्ही हाडं मोडली. मलाही रॉड घातला. दीड महिन्यानं मला सांगण्यात आलं, 'वीस किलोपर्यंत टाका.' रोज दहा जणांना हे वाक्य ऐकवणारी बाई मी, पण पाय टेकवायच्या वेळी मला दरदरून घाम फुटला. पाय भुईला लागायच्या आधीच आपोआप वर उचलला जायचा. मावशी सोप्यात बसून हे बघत होती. म्हणाली, "गावाला चालवतीस, आता तू चाल की. ये, मी धरतो." (कोल्हापुरात बायका 'मी धरतो'च म्हणतात. मुद्रितशोधकांनी कृपया दुरुस्त करू नये.)

तर आता काट्याकडे येऊ. घरात माणसाचं वजन करायचा काटा नसेल तर एक आणा. सुईवाला आणा, सुई सरकताना दिसते ते बरं पडतं. स्वयंपाकाच्या ओट्याला लागून तो जमिनीवर ठेवा आणि शेजारी त्याच्याच उंचीचा पाट. मामांनी दोन्ही हातांनी ओटा धरायचा, चांगला पाय पाटावर, दुखरा पाय काट्यावर. पाट नसेल तर एक पाय वर आणि एक खाली राहतो, कंबर वाकडी होते आणि आकडा खोटा येतो. पाय अख्खा टेकवायचा, टाचेसकट. नुसता चवडा टेकवून पंधरा किलो आले तर ते धरायचे नाहीत.

आता हळूहळू दाबत सुई वीसवर आणायची. अर्धं वजन वीसपेक्षा जास्तच भरेल, मामांचं ६४ किलो असेल तर ३२ होतं, पण सुरुवात वीसनं करा. मामांना सांगा, वीस म्हणजे वीस लिटरचा भरलेला कॅन. दूध पाण्यापेक्षा जरासं जड असतं, म्हणजे दूध साडेवीस किलोच्या आसपास, कॅनचं वजन वेगळं. हे वजन त्यांच्या हाताला जन्मभर माहीत आहे, आता पायाला ओळख करून द्यायची. पाच आकडे मोजेपर्यंत दाबून ठेवायचं, सोडायचं, असं दहा वेळा. सकाळ-संध्याकाळ.

दोन-तीन दिवसांनी खेळ बदला. मामांनी समोर खिडकीकडे बघायचं, सुईकडे तुम्ही बघायचं. त्यांनी दाबून सांगायचं, 'हे वीस.' खरा आकडा तुम्ही सांगायचा. पहिल्या दिवशी माझे 'वीस' प्रत्यक्षात नऊ निघाले होते. मला वाटत होतं, आता हाड पुन्हा मोडतंय. चार दिवसांत माझा अंदाज किलो-दोन किलोच्या फरकानं बरोबर यायला लागला. मग दर तीन-चार दिवसांनी चार-पाच किलो वाढवत डॉक्टरांनी सांगितलेल्या अर्ध्यापर्यंत न्या. त्याच्या पुढे मात्र पुढच्या एक्स-रेशिवाय जायचं नाही. किती वजन टाकायचं हा आकडा माझा नाही, तुमचाही नाही, तो ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांचा. रॉडऐवजी प्लेट बसवलेल्या पेशंटला हेच वजन बहुधा उशिरा सांगतात, तेव्हा गल्लीतल्या दुसऱ्या कुणाच्या पायाशी तुलना नको.

पाय टेकवायचा कशासाठी, हेही मामांना सांगा. दुखऱ्या पायाला जपणं म्हणजे तो अधांतरी ठेवणं अशी आपली समजूत असते. ज्युलियस वोल्फ नावाच्या जर्मन सर्जननं १८९२ सालीच मांडलं होतं की हाडावर जसा भार येतो तसं ते आतून घडत जातं. भार काढला की विरळ होतं, बेतानं दिला की भरतं. शरीराचं बहुतेक वजन नडगीवर असतं, शेजारचं बारीक हाड थोडंसंच उचलतं. नडगीवरून अंगठा फिरवून बघा, पुढच्या बाजूला कातडीखाली लगेच हाड लागतं, मध्ये मांस नाही. त्यात खालच्या भागाला रक्तपुरवठा कमी. म्हणून हे हाड आळशासारखं जुळतं, चार ते सहा महिने सहज घेतं. आणि जिथं मुळातच रक्त कमी पोचतं, तिथं तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आणखी आवळतं. तंबाखू खाणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात, काही वेळा जुळायचीच राहतात. मामांना तंबाखूच्या तोट्यांवर भाषण देऊ नका, त्यांनी ती पुष्कळ ऐकली असतील. एवढंच सांगा, की चुन्याची डबी आणि धार काढणं यांतलं एक काहीतरी आधी येणार.

उड्या मारत चालणं आजपासून बंद. त्यात चांगल्या गुडघ्याची वाट लागते, आणि मोरीच्या ओल्या फरशीवर एका पायावर उडी म्हणजे दुसऱ्या ऑपरेशनची तयारी. क्रम असा : वॉकर पुढे, मग दुखरा पाय, टाच आधी टेकवून, मग हातांवर भार घेत चांगला पाय. इथं एक खोड जवळजवळ सगळ्यांना लागते. दुखरा पाय लांब टाकतात आणि चांगला पाय घाईघाईनं त्याच्या शेजारी आणून ठेवतात, पुढे नेतच नाहीत. कारण चांगला पाय पुढे न्यायचा तर तेवढा वेळ दुखऱ्यावर उभं राहावं लागतं. तुम्ही पाठ फिरवून ऐकत बसा, आवाजावरून कळेल. टाप... टप-टाप... टप असं लंगडं वाजत असेल तर पावलं असमान आहेत. ही लंगडी चाल एकदा अंगवळणी पडली की हाड जुळल्यावरही जात नाही. असे पेशंट माझ्याकडे दोन-दोन वर्षांनी कंबर धरून येतात.

पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. 'चांगला वर, दुखरा खाली' एवढं पाठ करायचं.

फ्रिजवरचा कागद काढून टाका. फ्रिजवर चिकटवलेला व्यायाम कुणी केलेला मी अजून पाहिलेला नाही. तुमच्या घरात दोन वेळा कुणी चुकवत नाही, त्या म्हणजे धारेच्या. पहाटे तुम्ही धार काढत असाल तेवढा वेळ मामांनी अंथरुणातच व्यायाम करायचा, संध्याकाळीही तसंच. आधी घोटा वर-खाली, गाडीचा ब्रेक दाबावा-सोडावा तसा, तीस वेळा. हा एक मात्र दिवसभर, जागं असेपर्यंत दर तासाला, पोटरीत रक्त साचू नये म्हणून. मग गुडघ्याखाली पंच्याची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मांडी दगडासारखी घट्ट झाली पाहिजे, पाच आकडे, पंधरा वेळा. मग गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर वर उचलायचा. शेवटी तोच पंचा चवड्याखालून घेऊन दोन्ही टोकं आपल्याकडे ओढायची, पोटरी ताणली जाईपर्यंत, तीस आकडे. हा शेवटचा सगळ्यांत कंटाळवाणा आणि मामांसाठी सगळ्यांत मोलाचा. का ते पुढे सांगते. मीसुद्धा हाच टाळायचे. पेशंटना तीन वेळा सांगायचे आणि स्वतः एकदा करून कपाटामागं पंचा टाकायचे.

दुखणार. किती दुखलेलं चालेल याला माझ्याकडे कोल्हापुरी माप आहे. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथं शेंबडं पोरही सांगेल. दुखण्याला शून्य ते दहा मार्क द्यायला सांगा. तीनपर्यंत नदी पात्रात आहे, व्यायाम चालू ठेवा. चार-पाच म्हणजे इशारा : बंद नाही करायचं, पण निम्मं करायचं. त्याच्या वर गेलं, किंवा रात्रीचं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच राहिलं, तर धोका. त्या दिवशी सुट्टी, आणि दोन दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टरांना फोन. मोडलेल्या जागीच अचानक नवी कळ येऊ लागली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला, तर दोन दिवसही थांबायचं नाही. एक गोष्ट मात्र घाबरण्यासारखी नाही. मामा 'गुडघा दुखतोय' म्हणतील. रॉड गुडघ्याच्या वाटीपाशी छेद घेऊन तिथूनच आत सरकवलेला असतो, त्यामुळे मोडलेल्या जागेपेक्षा गुडघाच कुरकुर करतो. गुडघे टेकून बसताना जास्त. हे पुष्कळ जणांना होतं.

आता धार. इंग्रजी पुस्तकातून छापलेल्या व्यायामाच्या कागदावर म्हैस नसते, म्हणून हा प्रश्न मला आवडला. बादली गुडघ्यांत धरून उकिडवं बसायला गुडघा पूर्ण वाकावा लागतोच, पण खरी अडचण घोट्यात असते. टाच जमिनीवर ठेवून नडगी पुढे झुकली नाही तर माणूस मागे पडतो. त्यासाठी तो पंच्याचा ताण. सध्या आणखी एक करा : खुर्चीत बसून दुखरं पाऊल टाच न उचलता हळूहळू खुर्चीखाली मागे सरकवायचं, टाच उठायला लागली की थांबायचं, दहा आकडे. पूर्ण वजनाची परवानगी मिळाली की भिंतीचं माप घ्या. अनवाणी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, टाच टेकलेली, आणि गुडघा भिंतीला लावायचा. पाऊल एकेक बोट मागे घेत जायचं. टाच उचलल्याशिवाय गुडघा भिंतीला लागतोय अशी जी शेवटची जागा, तिथं अंगठा आणि भिंत यांच्यात किती बोटं मावतात ते मोजा. आधी चांगल्या पायाचं, मग दुखऱ्याचं. पाच-सहा बोटं म्हणजे छान. दोन पायांत एखाद्या बोटाचाच फरक राहिला की उकिडवं बसायची तयारी झाली.

बसायचं तेही टप्प्यानं. आधी खुर्चीतून हात न लावता उठ-बस, मग त्याहून बुटक्या स्टुलावरून, मग फूटभर उंचीच्या. पुढचे काही महिने त्या फूटभर स्टुलावर बसूनच धार काढायची. मामांना ते कमीपणाचं वाटेल, वाटू दे. शेवटी सोप्यातल्या खांबाला धरून उकिडवं. गोठ्यात नाही, तिथं शेण-मुताची ओल असते. आणि म्हशीला रॉड कळत नाही, जुळत आलेल्या नडगीला एक लाथ पुरते. मामांच्या डोक्यात दिवाळी असणार. मी संक्रांत म्हणेन, तीही एक्स-रेनं होकार दिला तर. तोवर धार तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी काढायची. पत्रात त्यांचा उल्लेख कुठं नाही, म्हणून आठवण करून दिली.

प्रश्न : भावाची नडगी मोडली, प्लॅस्टर निघालं. आई रोज पायाचं सूप देते आणि ओळखीचा हाडवैद्य रगडून मालिश करतो. दोन्ही चालेल का?
— वाचक, कागल

उत्तर : सूप चालेल, वैद्य नको. सूप चवीला उत्तम, पण हाडं उकळून पाण्यात कॅल्शियम फारसं उतरत नाही. पांढऱ्या रश्श्याचंही तेच, प्या, पण औषध म्हणून नको. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पेलाभर दुधातून साधारण ३०० मिळतं, १०० ग्रॅम नाचणीतूनही तेवढं किंवा थोडं जास्तच. त्याबरोबर डाळ, अंडी, मासे. मटण खायचंच तर रस्सा ओरपून फोडी दुसऱ्याला देऊ नका, प्रथिनं फोडीत असतात. रगडून मालिश मात्र आजच थांबवा. जुळत्या हाडाला त्याचा काही उपयोग नाही, आणि पोटरीत रक्ताची गुठळी झालेली असली तर रगडण्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. कोरड्या कातडीला हलक्या हातानं खोबरेल लावा, बस्स.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ६३. प्लॅस्टर निघून तीन आठवडे झाले. संध्याकाळपर्यंत पाऊल सुजतं, आणि पाय खाली सोडून बसलं की जांभळं पडतं. मुलगा पुण्याहून फोनवर 'गुठळी असेल' म्हणून घाबरवतो.
— कळंबा

उत्तर : बाई, तुमचा मुलगा घाबरतोय ते अगदी चुकीचं नाही, पण तुमचं वर्णन बहुधा साध्या सुजेचं आहे. पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. इतके दिवस ते बांधून ठेवलेले होते, आता बारीक झालेत. म्हणून रक्त खाली साचतं, रंग बदलतो, पाय वर घेतला की उतरतो. अशी सूज काही महिने येत-जात राहते. खूण ही, की रात्रीत उतरली पाहिजे. सकाळी उठताना दोन्ही घोटे सारखे दिसतात का ते रोज बघा. उलट एकच पोटरी ताठ, गरम, दाबली की दुखणारी, आणि सूज सकाळीही तशीच असेल तर त्याच दिवशी दाखवा. धाप लागली किंवा छातीत कळ आली तर मला पत्र लिहीत बसायचं नाही, थेट दवाखाना.

पाय वर ठेवायचा म्हणजे स्टुलावर नव्हे. आडवं होऊन टाच छातीपेक्षा उंच, खाली दोन उशा, वीस मिनिटं, दिवसातून तीनदा. त्यात घोटा वर-खाली. आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते : पुढचे तीन-चार महिने नाडीचे बूट, सपाट चप्पल नको. कोल्हापुरात राहून कोल्हापुरी घालू नका म्हणताना माझीच जीभ अडखळते. पण मागं पट्टा नाही, तळ कडक आणि पायातून निसटू नये म्हणून बोटं आवळून चालावं लागतं. मावशीनं दिलेली माझी जोडी मी आठ महिने कपाटावर ठेवली होती.

प्रश्न : वय २१. पेठेच्या फुटबॉल संघातून खेळतो. मॅचमध्ये टॅकलला नडगी गेली, रॉड आहे, पाच महिने झाले. चालताना काहीच दुखत नाही. या सीझनला मैदानात उतरू का?
— मंगळवार पेठ

उत्तर : नाही. चालताना दुखत नाही हा मॅचचा पुरावा नव्हे. आधी एक्स-रेमध्ये हाड पूर्ण जुळलेलं दिसू दे. मग घरी एक करून बघ : भिंतीला बोटं टेकवून दुखऱ्या एका पायावर चवडा उचलत जायचं. चांगल्या पायावर पंचवीस होतात आणि दुखऱ्यावर नऊला पोटरी थरथरते, असंच बहुतेकांचं निघतं. ते बरोबरीला आल्याशिवाय पळायचं नाही. नंतर एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं रंकाळ्याच्या कडेनं, पहाटे, गर्दी व्हायच्या आत. दोन आठवडे ते निभलं की एका पायावर लंगडीची उडी, लांबी मोजून. दुखऱ्या पायाची उडी चांगल्याच्या नव्वद टक्के भरली पाहिजे. मग दिशा बदलत पळणं, मग चेंडू, मग सराव, आणि टॅकल सगळ्यांत शेवटी. मोडल्यापासून वर्षभराचा हिशोब धर, म्हणजे पुढच्या सीझनची लीग. शिनगार्ड मोज्यात घालून मिरवायचं आणि किक-ऑफ झाला की काढून फेकायचं, असं करणारे मी शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावरून पाहिलेत. नियमानं ते सक्तीचं आहे.

तपासायला यायचं असेल तर शॉर्ट आणि खेळायचे बूट घेऊन ये. सोबत सगळा संघ आणू नकोस, दवाखान्यात खुर्च्या चारच आहेत.